समुद्राचें कुंपण

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत धनज नांवाचें गांव आहे. पूर्वेस जा कीं पश्चिमेस जा, तेथून समुद्र शेंकडों किलोमीटर दूर. तरी त्या बाजूच्या लोकांना समुद्र अगदींच परका आहे असें नाहीं. वऱ्हाडांतल्या आठवडी बाजारांत मिठाच्या पोत्यांपासून थोड्याच अंतरावर सुकटीचे आणि सुक्या बोंबलांचे ढीग मांडलेले असतात, आणि हा दोन्ही माल मूळचा समुद्राचा. ‘अभयारण्य’ हा शब्दहि तिकडे नवा नाहीं. कारंजा आणि मानोरा या तालुक्यांत पसरलेलें सुमारें 18 चौरस किलोमीटरांचें कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठीं राखलेलें आहे.

अभयारण्य म्हणजे काय, हें अशा मुलखांतल्या शेतकऱ्याला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. सरकारनें नकाशावर एक रेषा ओढली. रेषेच्या आंत शिकार बंद, झाडतोड बंद. काळवीट निर्भय झाला. पण काळविटाला नकाशा वाचतां येत नाहीं. पहांटे तो रेषा ओलांडतो आणि ज्या शेतांत हरभरा कोंवळा असेल तेथें न्याहारी उरकतो. वन्य प्राणी राखले पाहिजेत, याविषयीं शेतकऱ्याचा वाद नसतो. त्याचा वाद असतो तो खर्च कोणीं सोसावा याविषयीं. जमिनीवरच्या अभयारण्याचा जमाखर्च असा आहे: रेषेच्या आंत जें पुण्य सांठतें, त्याची किंमत बहुधा रेषेबाहेरच्या माणसाकडून वसूल होते.

समुद्रांत अभयारण्य केलें तर हा जमाखर्च उलटा मांडतां येतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत आलेली आहे. हरिण रेषेबाहेर आलें म्हणजे शेतकऱ्याचें नुकसान होतें. मासा रेषेबाहेर आला म्हणजे कोळ्याचा फायदा होतो. खडकांच्या आणि पोवळ्यांच्या आश्रयानें राहणारा मासा एका ठिकाणीं निर्वेधपणें वाढूं दिला तर तो आकारानें मोठा होतो. मोठी मादी लहान मादीच्या मानानें कितीतरी पट अधिक अंडीं घालते. एका मोठ्या मादीचें काम दहा-वीस लहान माद्यांकडूनहि पुष्कळदां होत नाहीं. त्या अंड्यांतून निघालेलीं पिलें पाण्याच्या ओढीबरोबर दूरवर जातात. आणि आंतली जागा अपुरी पडूं लागली म्हणजे मोठे मासेहि आपण होऊन हद्दीबाहेर पडतात. बाहेर जाळें टाकून बसलेल्याला हें व्याज मिळतें. मुद्दल आंत शाबूत राहतें. सावकारी ज्याला ठाऊक आहे त्याला या विद्येंत नवें असें कांहींच नाहीं.

ही नुसती कल्पना नव्हे. न्यूझीलंडांत लेह गांवाजवळ गोट आयलंडभोंवतींचा सुमारें 5 चौरस किलोमीटरांचा समुद्र 1975 सालीं मासेमारीस अजिबात बंद करण्यांत आला. आरंभीं त्यास मोठा विरोध झाला. पुढें आंतल्या माशांची आणि शेवंडांची संख्या इतकी वाढली कीं, मच्छीमार नेमके हद्दीच्या रेषेला लागून सापळे मांडूं लागले. फिलिपाइन्समधील आपो नांवाच्या लहानशा बेटावर 1982 सालीं गांवकऱ्यांनीं एका विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानें आपल्या प्रवाळ-खडकाचा सुमारें दहावा हिस्सा बंद ठेवला आणि त्याची राखण स्वतःच केली. मेक्सिकोंत काबो पुल्मो येथें 1995 सालीं राखीव झालेल्या समुद्रांत 1999 ते 2009 या दहा वर्षांत माशांचें एकूण वजन चौपटीहून अधिक वाढल्याचें मोजणीत आढळलें. या तिन्ही ठिकाणीं क्षेत्र फार मोठें नव्हतें. पण बंदी खरी होती, आणि शेजारच्या माणसांनीं ती आपली मानली होती.

येथें एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. बांगडा, तारली, सुरमई यांसारखा थव्यानें हिंडणारा मासा पांच-दहा किलोमीटरांच्या राखीव पाण्यांत मुक्काम करीत नाहीं; तो आज येथें तर उद्यां शंभर किलोमीटर दूर. अभयारण्य उपयोगी पडतें तें मुख्यतः खडक धरून राहणाऱ्या तांबोशी, हेकरू यांसारख्या माशांना, शेवंडांना आणि पोवळ्यांना. हिंडत्या माशांसाठीं जाळ्यांचे, होड्यांचे आणि ऋतूंचे नियमच पाहिजेत. ‘अभयारण्य केलें, आतां समुद्राची काळजी मिटली’ असें जो म्हणतो त्यानें समुद्र किनाऱ्यावरूनच पाहिला आहे, असें समजावें.

महाराष्ट्रांत झाईपासून रेडीपर्यंत पसरलेल्या किनाऱ्यावर सागरी अभयारण्य म्हणून प्रथम जाहीर झालें तें मालवणचें. 13 एप्रिल 1987 रोजीं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तें निघालें. क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, त्यांतील 3.182 चौरस किलोमीटरांचा गाभा अधिक कडक बंदोबस्ताचा. या गाभ्यांत सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोंवतालचे खडक येतात. ज्या किल्ल्याचें काम छत्रपति शिवाजी महाराजांनीं 1664 सालीं सुरू केलें त्याच्याच पायथ्याशीं पोवळीं वाढतात, ही गोष्ट मालवणला जाणाऱ्यांपैकीं बहुतेकांना आतां-आतांपर्यंत ठाऊक नव्हती. तट बांधणाऱ्यांनीं दगडावर दगड रचला. पोवळ्याचा कीटकहि तेंच करतो, मात्र वर्षाकांठीं त्याची भिंत फार तर एक-दोन सेंटीमीटर चढते. माणसाच्या हाताएवढा वाढलेला पोवळ्याचा गोळा म्हणजे कित्येक वर्षांचें बांधकाम असतें.

अशा ठिकाणीं अभयारण्य व्हावें हें योग्यच होतें. पण तें झालें कसें? नकाशावर रेषा ओढून. मालवण बंदरासमोरचें जें पाणी या रेषेंत आलें तेंच तेथील लहान मच्छीमारांचें रोजचें शेत होतें. मोठी यांत्रिक नौका दूर समुद्रांत जाऊं शकते. दोन माणसांची होडी जाऊं शकत नाहीं. ज्याच्याजवळ साधन थोडें त्याच्याच अंगणांत बंदी आली, आणि ज्याच्याजवळ साधन भरपूर त्याला सारा समुद्र मोकळा राहिला, अशी भीति लोकांच्या मनांत बसली. उद्यां किनाऱ्यावर होडी ओढण्यासहि परवानगी लागेल काय, घर दुरुस्त करतां येईल काय, किल्ल्यावर प्रवासी नेतां येतील काय, असे प्रश्न निघाले आणि त्यांना समाधानकारक उत्तरें मिळालीं नाहींत. विरोध प्रारंभापासून होता आणि तो वर्षानुवर्षें टिकला. परिणाम असा झाला कीं, अभयारण्य कागदावर राहिलें. तें ना मोडलें, ना उभें राहिलें.

कागदावरच्या अभयारण्यांत दोन्हीं बाजूंचें नुकसान होतें. मच्छीमाराच्या डोक्यावर बंदीची टांगती तलवार राहते, म्हणून तो त्या क्षेत्राला आपलें मानीत नाहीं. आणि बंदी अमलांत नसल्यामुळें पोवळ्याला व माशाला कांहींच मिळत नाहीं. मधल्या काळांत मालवणच्या समुद्राला नवें गिऱ्हाईक मिळालें. तारकर्ली-मालवण भागांत पाण्याखालीं बुडी मारून प्रवाळ पाहण्याची हौस वाढली, आणि हजारों प्रवासी येऊं लागले. या व्यवसायानें पुष्कळ घरांत पैसा आणला, तो चांगलाच. परंतु होडीचा नांगर पोवळ्यावर पडला तर एका क्षणांत पांच-पन्नास वर्षांची वाढ मोडते. नवशिक्या पाणबुड्यानें विसांव्यासाठीं त्यावर पाय ठेवला तरी तो भाग मरतो. नांगर टाकण्याऐवजीं बांधून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांना होडी बांधणें, एका जागीं किती माणसें उतरावीं याची मर्यादा ठरविणें, हे उपाय सोपे आहेत. ते पाळले जावयाचे तर होडी चालविणाऱ्या माणसाला पोवळें जगण्यांत आपला स्वार्थ दिसला पाहिजे. समुद्रांत प्रत्येक नांगरामागें एक शिपाई ठेवतां येत नाहीं.

याच किनाऱ्यावर शहाणपणाचीं उदाहरणेंहि घडलीं आहेत. 2010 नंतरच्या दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर एक प्रकल्प चालला. त्यांत केवळ ‘हें करूं नका’ असें सांगणें नव्हतें. खाडींत खेकडे व जिताडा पाळणें, कालवें वाढविणें, असे जोडधंदे शिकविण्यांत आले. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेंपटाला चौकोनी आसांचें जाळें लावण्याचा प्रयोगहि त्यांत झाला. आस म्हणजे जाळ्याचें भोक. नेहमींच्या जाळ्यांतील आस ओढ बसली म्हणजे मिटते आणि बोटाएवढें पिलूंहि आंत अडकतें. चौकोनी आस ओढीखालींहि उघडी राहते, त्यामुळें लहान मासा निसटतो आणि पुढल्या वर्षीं मोठा होऊन भेटतो. एवढ्याशा भोकांत केवढें अर्थशास्त्र भरलेलें आहे!

आणि संयमाचा धडा कोंकणच्या दर्यावर्दी माणसाला बाहेरून शिकवावा लागतो, असेंहि नाहीं. पावसाळ्यांत होडी शाकारून ठेवावयाची आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून मगच ती लोटावयाची, हा रिवाज पिढ्यान् पिढ्यांचा. पुष्कळशा माशांच्या विणीचा काळ तोच. म्हणजे स्थळाचें नव्हे तर काळाचें अभयारण्य येथें आधींपासून होतें. आज सरकारी नियमानें पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. रिवाजानें जें सांभाळलें होतें तेंच कायद्यानें लिहून काढलें. रापणीचीहि गोष्ट तशीच. किनाऱ्यावरून सारा गांव मिळून जें लांबलचक जाळें ओढतो तें रापण. ओढणाऱ्या प्रत्येकाचा त्यांत वांटा असतो. वांटा ठरलेला असला म्हणजे शिस्तहि ठरते. ही जुनी व्यवस्था मोडली ती प्रथम ट्रॉलरनें, मग अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यानें आणि अखेर रात्रीं प्रखर दिवे लावून मासा गोळा करण्याच्या पद्धतीनें. 2016 सालीं महाराष्ट्र शासनानें पर्ससीनवर निर्बंध घातले. 2017 सालीं दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारची बंदी आली. तरीहि नियम मोडल्याच्या तक्रारी थांबल्या नाहींत. लहान होडीवाल्याचा प्रश्न येथेंच उभा राहतो: ‘माझ्या दारांतलें पाणी बंद करणारें सरकार त्या दिव्यांना कां बंद करूं शकत नाहीं?’ या प्रश्नाला उत्तर दिल्यावांचून अभयारण्य वाढविण्याची भाषा त्याच्या कानाला गोड लागणार नाहीं.

आणि वाढविण्याची भाषा आतां सर्व जगांत चालू आहे. डिसेंबर 2022 मध्यें माँट्रिअल येथें राष्ट्रांनीं ठराव केला कीं, 2030 सालापर्यंत पृथ्वीवरील जमिनीचा व समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षित व्हावा. भारतानें हा मार्ग पूर्वींच धरला होता. कच्छच्या आखातांत 1980 सालीं सागरी अभयारण्य आणि 1982 सालीं सागरी राष्ट्रीय उद्यान झालें. अंदमानांत वांडूर येथें 1983 सालीं, तर तमिळनाडूंत मन्नारच्या आखातांतील 21 बेटांभोंवतीं 1986 सालीं अशीं उद्यानें झालीं. महाराष्ट्रांत 2015 सालीं ठाण्याच्या खाडीचा सुमारें 17 चौरस किलोमीटरांचा भाग रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य झाला, आणि 2022 सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर आंत समुद्रांत ‘आंग्रिया बँक’ नांवाचें बुडालेलें प्रवाळ-पठार आहे. कान्होजी आंग्रे यांचें नांव त्यास मिळालेलें आहे. 2019 च्या डिसेंबरांत तेथें शास्त्रज्ञांची मोहीम गेली होती. तें पठार राखावें असा विचार पुढें आला. पण किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारें 22 किलोमीटर, हीच प्रादेशिक समुद्राची हद्द. वन्यजीव कायद्याखालीं अभयारण्य करावयाचें तें या हद्दींतच. त्यापलीकडे 200 सागरी मैलांपर्यंत 1976 चा सागरी क्षेत्रांचा कायदा लागतो आणि निर्णय केंद्राचा असतो. समुद्रांत रेषा ओढणें हें वनखात्याच्या एका सहीचें काम नाहीं, तें यावरून दिसेल.

टक्केवारीच्या हिशेबांत मात्र एक धोका असतो, आणि तो महाराष्ट्रानें जमिनीवर एकदां अनुभवलेला आहे. 1979 सालीं माळढोक पक्ष्यासाठीं सोलापूर व त्यावेळचा अहमदनगर या जिल्ह्यांत सुमारें 8,496 चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत गांवें आलीं, शहरें आलीं, रस्ते आणि बाजारहि आले. एवढ्या मोठ्या रेषेच्या आंतली बंदी पाळणें अशक्य होतें. लोकांना मात्र जागोजाग अडचण झाली आणि पक्ष्याविषयींच राग उत्पन्न झाला. पुढें क्षेत्र घटवून सुमारें 1,222 चौरस किलोमीटर करावें लागलें. तोंवर माळढोक दिसेनासा होत चालला होता. नकाशा मोठा केल्यानें पक्षी वांचला नाहीं. मासा तरी कसा वांचावा?

मग वाढवावयाचेंच नाहीं काय? वाढवावयाचें, पण रीतीनें. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमध्यें संपूर्ण बंदीचा भाग पांच टक्क्यांहूनहि कमी होता. 2004 सालीं तो सुमारें 33 टक्के करण्यांत आला. त्यापूर्वीं दोन वेळां लोकांचीं मतें मागविण्यांत आलीं, 31 हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या, आणि त्या वाचून रेषा सरकविण्यांत आल्या. ज्यांचा धंदा बसला त्यांना सरकारनें मोठ्या रकमा दिल्या. सार्वजनिक हितासाठीं घातलेल्या बंदीची किंमत सार्वजनिक खजिन्यांतून गेली. एकट्या मच्छीमाराच्या चुलींतून गेली नाहीं.

भारताच्या कायद्यांतहि हें तत्त्व आहेच. 1991 च्या दुरुस्तीनें वन्यजीव कायद्यांत स्पष्ट शब्दांत घातलें गेलें कीं, प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यांत घ्यावयाचा असेल तर केंद्राची पूर्वसंमति हवी, नौदलाच्या मुख्य जलनकाशा-अधिकाऱ्याचा सल्ला हवा, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचें हित राखण्याची पुरेशी तजवीज झालेली हवी. मालवणचें अभयारण्य या दुरुस्तीच्या चार वर्षें आधींचें. तेथील रेषा या कसोटीस पुन्हां लावून पाहणें हा पराभव ठरणार नाहीं. उलट, उरलेल्या किनाऱ्यावर विश्वासाचें भांडवल त्यामुळेंच जमेल.

हें भांडवल कसें जमतें तें कोंकणांतच दिसतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें कासवांचीं अंडीं राखण्याचें काम आरंभिलें. जीं अंडीं पूर्वीं खणून नेलीं जात, त्यांवर गांवचींच माणसें पहारा देऊं लागलीं. पुढें कासवाचीं पिलें समुद्रांत जातांना पाहावयास लांबलांबून पाहुणे येऊं लागले, आणि घरोघरीं त्यांची सोय होऊं लागली. तेथें आधीं माणूस जोडला गेला. डिसेंबर 2018 मध्यें महाराष्ट्र शासनानें आणखी एक चांगली गोष्ट केली: संरक्षित कासव, डॉल्फिन किंवा देवमासा जाळ्यांत सांपडला आणि त्यास सोडण्यासाठीं मच्छीमारानें जाळें कापलें, तर त्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई ठेवली. जाळें म्हणजे मच्छीमाराचा नांगर आणि बैल. तें त्यानें आपल्या हातानें कापावें अशी अपेक्षा करणाऱ्यानें त्याची किंमत भरलीच पाहिजे.

सागरी अभयारण्याचें क्षेत्र किती चौरस किलोमीटर असावें, हा प्रश्न म्हणून दुसरा आहे. पहिला प्रश्न, त्याची राखण कोण करणार? जमिनीवर तारेचें कुंपण घालतां येतें; समुद्रांत खांब रोवतां येत नाहींत. तेथें कुंपण एकच: त्या पाण्यावर ज्याचें पोट आहे तो माणूस. जाळें कोठें टाकावें नि कोठें टाकूं नये हें ठरविण्यांत त्याचें मत घेतलें गेलें, बंदीच्या पहिल्या चार-पांच रिकाम्या वर्षांत त्याच्या घरीं भाकरी पोंचली, आणि बाहेरच्या दांडग्या नौकेलाहि त्याच्याइतकाच कायदा लागूं झाला, तर लहानशा गाभ्यापासून आरंभ करून अभयारण्य हळूहळू वाढवितां येईल. आणि वाढविण्याची मागणी कदाचित् त्याच्याकडूनच येईल. मालवणच्या तीन चौरस किलोमीटरांत हें साधलें तर उरलेल्या किनाऱ्याला दुसरा उपदेश लागणार नाहीं. तेथें साधलें नाहीं तर नकाशावर कितीहि निळा रंग चढविला, तरी त्याच्या खालीं मासा असेलच असें नाहीं.